भिलार: वाचायला अख्खं गाव, लिहायला पहाटेचे अडीच तास

हातात अर्धवट कादंबरी, सोबत दोन मुलं, सहामाही परीक्षा संपलेली आणि सुट्टीचे चार दिवस हाताशी. दिवाळी अंकांचं लिखाण पावसाळ्यातच हातावेगळं झालेलं असतं, त्यामुळे मोठ्या कामाला परत हात घालायचा तर लिहित्या माणसाला शरदातले हेच दिवस मिळतात. नेमकं तेव्हाच घरच्यांनाही कुठेतरी जायचं असतं. दोन्ही साधायला सातारा जिल्ह्यातलं भिलार, म्हणजे ‘पुस्तकांचं गाव’, कितपत उपयोगी पडतं, एवढंच इथे तपासलं आहे. सहलीला म्हणून ते कसं आहे, हा वेगळा विषय.

वेल्समधल्या ‘हे-ऑन-वाय’ या गावावरून ही कल्पना सुचली, पण तिथे पुस्तकांची दुकानं आहेत. भिलारमध्ये पुस्तकं विकत नाहीत आणि वाचायला पैसेही घेत नाहीत. राज्य मराठी विकास संस्थेचा हा उपक्रम ४ मे २०१७ रोजी सुरू झाला, तेव्हा गावातली २५ ठिकाणं आणि साधारण १५ हजार पुस्तकं होती. ठिकाणं म्हणजे गावकऱ्यांची राहती घरं, देऊळ, शाळा, लॉज. प्रत्येक ठिकाणी एक विषय: कुठे कथा, कुठे कविता, कुठे चरित्रं, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. विषय कोणता ते बाहेरच्या पाटीवर आणि भिंतीवरच्या चित्रांत कळतं.

ही विषयवार वाटणी वाचकाला सोयीची आहे, लेखकाला तितकी नाही. ऐतिहासिक कथेसाठी एकाच वेळी बखरीतला प्रसंग आणि लोकगीतातली ओळ ताडून पाहायची असेल, तर दोन घरांत जावं लागतं, आणि पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात नेता येत नाही. मुक्कामाच्या खोलीवर तर नाहीच. म्हणून पहिल्या दिवशी फक्त फेरी मारा. कोणत्या घरात आपल्या कामाचं काय आहे ते टिपून घ्या: पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान, आणि कपाट कुठल्या घरातलं. शेवटची नोंद लोक हमखास विसरतात आणि मग तिसऱ्या दिवशी गावभर शोधत फिरतात. लांब उतारा हवा असेल तर घरमालकांना विचारून पानाचा फोटो घ्यावा, नकलून काढण्यात तास घालवू नये.

आता मुख्य अडचण. वाचनाची जागा ही कुणाची तरी पडवी किंवा पुढची खोली असते. शेजारच्या खोलीत त्यांचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, पाहुणेरावळे चालू असतात. दोन तास तिथे लॅपटॉप उघडून बसणं काही बरं दिसत नाही, आणि प्लगसाठी ‘काकू, जरा चार्जिंगला लावू का?’ हे दिवसातून एकदा ठीक आहे, तीनदा नाही. बसायला खुर्ची मिळते, पण लिहायच्या उंचीचं टेबल मिळेलच असं नाही. जाड पुठ्ठ्याचं पॅड, लाँगबुक आणि दोन पेनं एवढं सामान पुरतं. पडवीत टिपणं काढायची आणि मजकूर खोलीवर लिहायचा, ही वाटणी पाळली तरच इथे काम पुढे सरकतं.

ऑक्टोबरमध्ये घरमालक घरी कमी आणि रानात जास्त असतात. हे माहीत नसलं की गैरसमज होतो. भिलार स्ट्रॉबेरीचं गाव आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही आहे. मातृरोपं पावसाळ्याच्या तोंडाला येतात, त्यांच्या फुटव्यांपासून रोपं करतात आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लागवड होते. मल्चिंगचा, म्हणजे वाफा झाकायचा, काळा कागद अंथरणं, त्याला भोकं पाडणं, ठिबकच्या नळ्या ओढणं, रोपं दाबणं हे सगळं याच दिवसांत चालतं. लागवडीनंतर फळ हाती यायला दोन महिन्यांच्या आसपास जातात. तेव्हा ‘शेतात जाऊन स्ट्रॉबेरी तोडू’ असं मुलांना दिवाळीत कबूल करू नका. नोव्हेंबरअखेरपर्यंत तोडायला फारसं काही नसतं आणि रडारड तुमच्या लिहायच्या वेळेवर होते. लागवड बघायला मात्र मुलं रमतात. विचारलं तर एखादं रोप लावूही देतात, फक्त वाफ्यावर पाय देऊ नये हे आधीच बजावून ठेवावं. जेवणाचं आदल्या रात्रीच सांगा. दुपारी एकला भाकरी हवी असेल आणि ते साडेबाराला सांगितलं, तर मावशी रानातून यायच्या कधी?

वेळापत्रक असं बसतं. ऑक्टोबरअखेर सूर्य साडेसहानंतर उगवतो, मुलं थंडीने पांघरुणातून सातपर्यंत निघत नाहीत. साडेपाच ते आठ ही लिहायची खरी वेळ. या अडीच तासांत सहाशे शब्द झाले तरी तीन सकाळींत अठराशे होतात, म्हणजे छोटं प्रकरण उरकतं. खोली एकच असेल तर मोठा दिवा लावून सगळ्यांना जागं करण्यापेक्षा वहीला अडकवायचा छोटा चार्जिंगचा दिवा न्या. डोंगरात वीज गेली तरी तोच कामी येतो. नवऱ्याने किंवा बायकोने, जो कोण लिहीत नसेल त्याने, सकाळी सात ते आठ या वेळेत मुलांना घेऊन गावातून एक चक्कर मारायची. मात्र दहा ते साडेबारा मुलं लिहिणाऱ्याच्या ताब्यात, आणि दुसऱ्याला पूर्ण सुट्टी. हा मोबदला न देणाऱ्याचं लिखाण दुसऱ्या सकाळी बंद पडतं. त्याबद्दल भिलारला दोष देता येणार नाही.

दहा ते साडेबारा बालसाहित्याच्या घरी जावं. सहा वर्षांखालचं मूल स्वतःहून वीस मिनिटं चित्रं बघतं, त्यानंतर वाचून दाखवावं लागतं. आठ ते बारा वयाची मुलं तासभर तरी मान वर करत नाहीत. पुस्तकं जुनी-नवी मिसळलेली असतात, त्यामुळे शहरातल्या दुकानात आता न दिसणारं काहीतरी हाती लागतं. इंग्रजी माध्यमातली मुलं जोडाक्षरांना अडखळतात. त्यांना मोठ्या टाइपातली, कमी मजकुराची पुस्तकं आपणच काढून द्यावीत, नाहीतर दहाव्या मिनिटाला मोबाइलची मागणी येते.

दुपारी अडीच ते चार टिपणं काढायची. इथे एक सापळा आहे. कथांच्या कपाटासमोर उभं राहिलं की दीड तास कसा गेला कळत नाही आणि तो वाचनात जमा होतो, लिखाणात नाही. घड्याळ लावून बसा.

दुसरा सापळा महाबळेश्वरचा. ‘इतक्या जवळ आलोय तर’ या शब्दांनी सुरू होणारा बेत अख्खा दिवस खातो, कारण दिवाळीच्या सुट्टीत पसरणी घाटापासून वेण्णा तलावापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने चालतात. जायचंच असेल तर शेवटच्या दिवशी, परतीच्या सामानासह. त्याऐवजी एक संध्याकाळ पाचगणीच्या टेबललँड पठाराला पुरते. येता-जाता वाईत तासभर थांबणं जास्त फायद्याचं: मेणवलीचा घाट मुलांना आवडतो, आणि ज्या गावातून मराठी विश्वकोश घडला ते गाव लिहिणाऱ्याने निदान एकदा पाहिलेलं असावं.

पोहोचणं सोपं आहे. स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी सुरूर फाट्यावरून वाई, पाचगणी करत जाते. पाचगणीला उतरून भिलार पाच-सहा किलोमीटर, रिक्षा किंवा टॅक्सी मिळते. मुक्कामाला गावातच घरगुती खोल्या आहेत. फोनवर दराआधी दोन गोष्टी विचाराव्यात: खोलीत टेबल आहे का, आणि सकाळी साडेपाचला चहा मिळेल का. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं, कारण रानात जाणाऱ्या घराची चूल त्याआधीच पेटलेली असते.

तारखा निवडताना लक्ष्मीपूजन ते भाऊबीज टाळा. तेव्हा यजमानांच्याही घरी सण असतो आणि बाहेरची गर्दीही तेव्हाच सर्वाधिक. सुट्टी लागल्यापासून वसुबारसेपर्यंतचे दिवस, त्यातही सोमवार ते गुरुवार, सर्वात चांगले. भाऊबीजेनंतरचा आठवडाही चालतो, फक्त शनिवार-रविवार वगळून. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारनंतर विजांसह सर येऊ शकते. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मुलांच्या चपला पडवीत आत घ्या.