द्रवरूप रायझोबियम: करंज, खैर आणि शिरीषाच्या रोपांवरचा अनुभव

आमच्या रोपवाटिकेत देशी झाडांचीच रोपे होतात. रायझोबियम म्हणजे शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी करून हवेतले नत्र रोपाला मिळवून देणारे जिवाणू. गेल्या जूनपासून वापरलेल्या, बियाण्याला चोळायच्या या जिवाणू संवर्धकाबद्दल आधीच सांगतो, की मुरमाड, निर्जीव मातीत ते पैसे वसूल करते आणि जिवंत मातीत त्याची फारशी गरज भासत नाही.

खरेदी करताना मी चवळी गटाचे संवर्धक मागून घेतले. हरभऱ्याचे जिवाणू हरभऱ्यापुरतेच असतात, तर चवळी-भुईमुगाशी जुळणारे सावकाश वाढणारे जिवाणू उष्ण प्रदेशातील बऱ्याच झाडांच्या मुळांवरही आढळतात. शिरीषाचे कठीण कवचाचे बी गरम पाण्यात भिजवावे लागते. ते पूर्ण थंड झाल्यावरच संवर्धक चोळले, सावलीत सुकवले आणि त्याच दिवशी पिशव्यांत टोकले. बुरशीनाशकाने हे जिवाणूही मरू शकतात, म्हणून ते अर्थातच लावले नाही.

मुरूम आणि पोयट्याच्या पिशव्यांत पावसाळा सरेपर्यंत फरक उघड दिसू लागला. संवर्धक लावलेल्या खैराची पालवी गडद हिरवी होती, न लावलेल्याची फिकट. रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, की आतला रंग गुलाबी दिसतो, तो लेगहिमोग्लोबिनचा. नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून हे लोहयुक्त द्रव्य गाठीतील मोकळा ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूंच्या श्वसनापुरताच पुरवते. पांढुरक्या किंवा हिरवट गाठी कितीही दिसल्या तरी त्या मी हिशेबात धरत नाही.

बांधावरच्या जुन्या करंजाखालची वरच्या थरातील माती ज्या पिशव्यांत मिसळली होती, तेथे मात्र संवर्धक न लावताही भरपूर गुलाबी गाठी आल्या आणि दोन्हींतला फरक डोळ्यांना जाणवला नाही. युरिया दिलेल्या मोजक्या रोपांवर गाठी तुरळक होत्या. तेही स्वाभाविकच, कारण एक रेणू नायट्रोजन स्थिर करण्यासाठी एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, किमान १६ रेणू खर्ची पडतात. आयते नत्र मिळत असताना रोप जिवाणूंना साखर कशाला पुरवील? सिंगल सुपर फॉस्फेट मात्र जरूर द्यावे, कारण स्फुरदाची उणीव असेल तर गाठी नीट पोसत नाहीत.

माझी तक्रार लेबलाबद्दल आहे. त्यावर ‘सर्व शेंगावर्गीय वृक्षांसाठी’ असे छापले आहे, पण चिंच, बहावा आणि आपटा याच वर्गातले असूनही त्यांच्या मुळांवर गाठी धरत नाहीत, त्यामुळे तेथे हा खर्च पाण्यात जातो. सुरूच्या गाठींतले जिवाणू तर फ्रँकिया या वेगळ्याच वंशाचे आहेत आणि ते या बाटलीत नाहीत. शिवाय जिवाणू उन्हाने मरतात, हे विक्रेत्यांच्या गावी नसते. मला पहिली बाटली ऐन मे महिन्यात काचेच्या तावदानामागून काढून देण्यात आली. ती परत करून मी आतल्या खोलीतल्या खोक्यातली, ताज्या तारखेची बाटली घेतली.