बायवीकली की फोर्टनाइटली?

दोन आठवड्यांतून एकदा होणाऱ्या मीटिंगला इंग्रजी मेलमध्ये काय म्हणायचं, हा प्रश्न परदेशी क्लायंटबरोबर काम करणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. मी दोन्ही शब्द भरपूर वापरलेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

बायवीकलीची बाजू लंगडी नाही. अमेरिकेत तो सगळ्यांच्या तोंडी आहे. तिथे बऱ्याच कंपन्यांत पगार बायवीकली होतो, म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षाला साधारण २६ वेळा. महिन्यातून दोनदा होतो तो सेमीमंथली, २४ वेळा. पगाराच्या बाबतीत कोणाचा घोळ होत नाही, कारण पैसे खात्यात कधी पडतात हे ज्याला त्याला पाठ असतं.

मीटिंगचं तसं नाही. मेरियम-वेबस्टर ही डिक्शनरी उघडून बघा. बायवीकलीचे दोन अर्थ दिलेत: दर दोन आठवड्यांनी, आणि आठवड्यातून दोनदा. दोन्ही बरोबर! माझा सगळा वैताग इथेच. नवीन प्रोजेक्टच्या पहिल्या मेलमध्ये 'बायवीकली स्टेटस कॉल' असं आलं की खाली रिप्लाय-ऑलची रांग लागते. कोणी विचारतो, "सोमवार-गुरुवार का?" कोणी न विचारताच दोन्ही वारांची इन्व्हाइट टाकून मोकळा होतो. मग एखादा शहाणा डिक्शनरीची लिंक चिकटवतो, तिच्यात दोन्ही पक्षांना आपापला पुरावा सापडतो आणि भांडण होतं तिथेच राहतं.

फोर्टनाइटलीत ही भानगडच नाही. जुन्या इंग्रजीतल्या 'चौदा रात्रीं'वरून आलेला शब्द. त्यातून 'आठवड्यातून दोनदा' कोणी काढूच शकत नाही. ब्रिटनमध्ये तो रोजच्या बोलण्यातला आहे, ऑस्ट्रेलियात सरकारी भत्तेसुद्धा फोर्टनाइटली मिळतात, आणि आपल्याला तर पंधरवडा, पाक्षिक हे सवयीचंच.

अडचण अमेरिकेची. तिथे हा शब्द जुनाट वाटतो, पोराटोरांना तर आधी फोर्टनाइट नावाचा व्हिडिओ गेमच आठवत असेल. पण ज्याला शब्दच माहीत नाही तो निदान विचारतो तरी. बायवीकली वाचणारा मनातल्या मनात एक अर्थ धरून गप्प बसतो, आणि ते कळतं थेट मीटिंगच्या दिवशी.

बँकेत असाल तर मात्र फोर्टनाइट जरा जपून वापरा. आपल्या बँकिंग कायद्यात तो शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत मोजायचा. २०२५ च्या दुरुस्तीने तो १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर असा झाला. म्हणजे चौदा रात्रींचा हिशोब तिथे बसेलच असं नाही.

अमेरिकेतल्या एचआरला पगाराबद्दल लिहायचं असेल तर खुशाल बायवीकली लिहा. मीटिंगसाठी मी तरी फोर्टनाइटलीच लिहितो आणि शेजारी पहिल्या दोन तारखा टाकतो.

बायमंथलीची गोष्ट आणखी अवघड. त्यातही तोच घोळ: दर दोन महिन्यांनी की महिन्यातून दोनदा? रिझर्व्ह बँक २०१४ पासून पतधोरण बायमंथली जाहीर करते, म्हणजे दर दोन महिन्यांनी. मराठी पेपर त्याला द्वैमासिक म्हणून सुटतात. इंग्रजीत मात्र तिथे फोर्टनाइटलीसारखा रोजच्या वापरातला शब्द नाही, त्यामुळे मी सरळ 'एव्हरी टू मंथ्स' लिहितो. लांब पडतं, पण उलटा प्रश्न येत नाही.