तपकिरी शाई हवी, पण पाण्याला दाद न देणारी

फाउंटन पेनसाठी तपकिरी शाई शोधायला बसलं की नावांचा ढीग पुढ्यात येतो. त्यातून पाण्यात टिकणाऱ्या तेवढ्या वेगळ्या काढल्या तर बोटांवर मोजण्याइतक्याच उरतात. आम्हा सांगलीकरांना ही निवड करावीच लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पूर ओसरल्यावर गच्च्यांवर वह्या-कागद वाळत पडले, तेव्हा बॉलपेनचा मजकूर बऱ्यापैकी वाचता येत होता. साध्या निळ्या शाईच्या पानांवर नुसते फिकट डाग उरले होते. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा घरांत शिरलं. ज्याला शाईनेच लिहायचं आहे, त्याने टिकाऊपणाचा विचार आधी करावा आणि रंगाचा मागाहून.

साधी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, त्यामुळे पाणी पडलं की ती पुन्हा विरघळते. यावर तीन उपाय आहेत आणि तिन्हींत तपकिरी रंग मिळतो.

पहिला उपाय पिगमेंट शाईचा. इथे रंग विरघळलेला नसतो, त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. कागदावर वाळले की ते धाग्यांत रुतून बसतात आणि मग पाण्याने हलत नाहीत. जर्मनीच्या डे आट्रामेंटिसची ‘डॉक्युमेंट ब्राउन’, प्लॅटिनमची ‘ब्रन सेपिया’ आणि रोरर अँड क्लिंगनरची ‘लिली’ या तिन्ही या घरातल्या. स्केच करणाऱ्यांनी इथेच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे. हरिपूरच्या संगमावर किंवा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसून रेघ काढायची आणि वरून जलरंगाचा हात फिरवायचा, तर काळी रेघ फार बोचते. तपकिरी रेघ दगडी पायऱ्यांत मिसळून जाते, आणि पिगमेंट असल्यामुळे रंगात उतरून तो गढूळही करत नाही. डॉक्युमेंट मालिकेतल्या शाया एकमेकींत मिसळता येतात. ब्राउनमध्ये थोडी काळी घालून आपल्याला हवा तो सेपिया, म्हणजे काळपट तपकिरी रंग, घरीच करता येतो. चित्रकाराच्या दृष्टीने हा फार मोठा फायदा आहे, म्हणून तिघींत माझा कौल तिलाच.

खोट एकच, पण ती मोठी आहे. जी शाई कागदावरून निघत नाही, ती पेनात वाळली तर तिथूनही सहज निघत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सैल टोपणाचं पेन चार दिवस पडून राहिलं की निब अडलीच. म्हणून पेन रोजच्या वापरातलं हवं आणि टोपण घट्ट बसणारं हवं. प्लॅटिनमच्या स्वस्त प्रेपी पेनालासुद्धा आत स्प्रिंगने निबेवर घट्ट बसणारं छोटं टोपण असतं, आणि या कामाला ते फार उपयोगी पडतं. आपल्याकडची एबोनाइटची (कडक रबराची) ड्रॉपरने भरायची पेनंही चालतात. त्यांची निब आणि जीभ (निबेखालचा, शाई पोचवणारा भाग) हाताने ओढून काढता येते, ब्रशने घासता येते. पिस्टनच्या, म्हणजे आतला दट्ट्या फिरवून शाई ओढणाऱ्या पेनात मात्र मी पिगमेंट घालणार नाही.

दुसरा उपाय जुना, आयर्न गॉलचा. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग धरतो, हे आपल्याकडच्या रंगाऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. या शाईतही तेच घडतं: टॅनिनच्या जातीचं आम्ल आणि लोहाचा क्षार. हवा लागली की लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि न विरघळणारा काळपट रंग कागदातच तयार होतो. प्लॅटिनमच्या क्लासिक मालिकेतली ६० मिलीची ‘सेपिया ब्लॅक’ ही या जातीची. लिहिताना ती मोकळी तपकिरी असते आणि हळूहळू गडद होत जाते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पानावर रंगाची चढण दिसते, ते बघणं मला मनापासून आवडतं. साध्या लाँगबुकच्या कागदावरही ती फारशी फुटत नाही.

पण विकत घेण्याआधी एक चाचणी समजून घ्या. ओळ लिहून एक दिवस वाळू द्या, मग निम्मा कागद बशीतल्या पाण्यात बुडवा. थोड्याच वेळात पाण्यात तपकिरी धूर उतरतो, कारण सोबत घातलेला साधा रंग सुटतो. कागदावर राखाडी-काळी ओळ राहते. अक्षर वाचता येतं, पण तपकिरीपणा बराचसा निघून जातो. मजकूर वाचवायचा असेल तर हे चालेल, रंग वाचवायचा असेल तर नाही. शिवाय शाई आम्लधर्मी आहे. सोन्याच्या निबेला धोका नाही, पण स्टीलची निब नेमाने धुवावी लागते. लोहाचे डाग बसलेच तर व्हिटॅमिन सीच्या पाण्याने सुटतात.

तिसरा उपाय अमेरिकेच्या नूडलर्सचा. त्यांची ‘४१ ब्राउन’ कागदाच्या धाग्यांतल्या सेल्युलोजशी रासायनिक नातं जोडते. गडद रंग आणि मोठी बाटली, त्यामुळे भरपूर लिहिणाऱ्याला परवडते. पण शाईचा जो भाग धाग्यापर्यंत पोचत नाही, तो पृष्ठभागावर मोकळाच राहतो. गुळगुळीत कागदावर आणि पावसाळी दमट हवेत तो हाताला लागतो. माझ्या पसंतीत ही तिसरी.

पत्रं, डायरी, द्राक्षबागेतल्या फवारणीची वही असं लिखाण असेल आणि पेन दर पंधरवड्याला धुवायची तयारी असेल, तर सेपिया ब्लॅक घ्या. चित्रं काढत असाल, किंवा भिजल्यावरही रंग तपकिरीच राहायला हवा असेल, तर डॉक्युमेंट ब्राउन. पेन महिनोन्महिने कपाटात राहणार असेल तर यातली एकही घेऊ नका. साधी तपकिरी वापरा आणि जपायचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा.

इथल्या दुकानांत बहुतेक निळी-काळीच मिळते, त्यामुळे यातली कुठलीही शाई ऑनलाइन मागवावी लागते. तेवढ्यात चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची छोटी बाटली दिसेल, स्वस्तही असेल. ती बोरू, टाक आणि ब्रशसाठी आहे. तिच्यात बहुधा लाख असते आणि ती जिभेच्या बारीक खाचांत वाळली की पेन कायमचं जातं.