हिस्टॉरिक स्कॉटलंडची मेंबरशिप: वर्षभर वीकएंडला वापरल्यानंतरचा अनुभव

न्यूकॅसलहून एडिनबर्ग ट्रेनने दीड तासावर आहे. त्यामुळे आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कुणी ना कुणी सारखं विचारत असतं, "शनिवार-रविवार एडिनबर्ग करतोय, किल्ल्याचा पास काढावा का?" मी आणि नवऱ्याने गेल्या वसंतात हिस्टॉरिक स्कॉटलंडची दोघांची मेंबरशिप घेतली. उन्हाळ्यात, पानगळीत आणि कडक हिवाळ्यातही वापरली, आणि आता नूतनीकरणाचे पैसेही भरले. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर देऊन टाकते. एकदाच, दोन दिवसांसाठी जाणार असाल आणि एडिनबर्गबाहेर पडणार नसाल, तर मेंबरशिप घेऊ नका. किल्ल्याचं एक तिकीट ऑनलाइन काढा; बाकी शहरात पाहण्यासारखं पुष्कळ काही फुकट आहे. पण वर्षात दोन-तीनदा जाणं होणार असेल आणि स्टर्लिंग, लिनलिथगो, डंबार्टन अशा गावी ट्रेनने जायची तयारी असेल, तर डोळे मिटून घ्या. तीन-चार मोठी ठिकाणं पाहिली की वर्गणी वसूल होते.

हे कार्ड स्कॉटलंड सरकारच्या वारसा खात्याचं आहे. त्या खात्याकडे तीनशेहून जास्त जागा आहेत. त्यातल्या बऱ्याच माळरानावरच्या, कुणीही केव्हाही जावं अशा. तिकीट लागतं ते मोजक्या ठिकाणी, आणि कार्ड तिथे चालतं. एक घोळ मात्र कायम होतो. किल्ल्यापासून उतरत जाणाऱ्या रॉयल माइल रस्त्याच्या खालच्या टोकाचा होलिरूड राजवाडा राजघराण्याच्या व्यवस्थेत येतो, तिथे हे कार्ड चालत नाही. स्टर्लिंगचं वॉलेस स्मारक वेगळं. बॅनकबर्नचं युद्धक्षेत्र नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे, म्हणजे पुन्हा वेगळी संस्था, वेगळी वर्गणी. घेण्याआधी आपल्या यादीतली ठिकाणं कुणाकडे आहेत ते बघा.

वर्षभरात मला पटलेली गोष्ट अशी. दोन दिवसांच्या सहलीत तिकीट काढून किल्ल्यात शिरलं की पैसे वसूल व्हावेत म्हणून माणूस चार तास आत राहतो, दमतो, आणि मग शहर राहूनच जातं. कार्ड असलं की ते दडपण जातं. पाऊस आला, तासाभरात बाहेर पडलो, पुन्हा कधीतरी येऊ. एडिनबर्गचा किल्ला आम्ही असाच तुकड्यातुकड्याने पाहिला, आणि माझ्या मते तो तसाच पाहावा.

एकदा फक्त तोफ ऐकायला गेलो. रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून रोज दुपारी बरोबर एकला तोफ उडते. १८६१ पासूनची प्रथा. लीथ बंदरातल्या जहाजांनी घड्याळं लावून घ्यावीत म्हणून ती सुरू झाली. कॉल्टन हिलवरच्या नेल्सन स्मारकावरचा, एकला खाली पडणारा वेळदर्शक गोळा त्याच्याही आधीपासून होता, पण धुक्यात तो दिसत नसे. आज एडिनबर्गच्या धुक्यात उभं राहिलं की हे कारण लगेच पटतं. दुसऱ्या खेपेला सेंट मार्गारेटचं चॅपल. साधारण ११३० मधलं, शहरातली सगळ्यात जुनी वास्तू, आणि आकाराने आपल्या गडावरच्या देवळाच्या गाभाऱ्याएवढी. वीस-पंचवीस माणसं शिरली की भरलं. आत ताजी फुलं असतात, आणि ती ठेवण्याचं काम मार्गारेट नावाच्या बायकांच्या एका मंडळाकडे आहे. शेजारीच मॉन्स मेग ही अवाढव्य तोफ. १४५७ मध्ये स्कॉटलंडचा राजा दुसऱ्या जेम्सला भेट मिळालेली, दीडशे किलोचे दगडी गोळे फेकणारी. मुरुडजंजिऱ्याची कलालबांगडी पाहिलेल्यांनी इथे नक्की थांबावं. स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक जिच्यावर व्हायचा ती राजतिलकाची शिळा मात्र आता इथे नाही, ती २०२४ मध्ये पर्थच्या संग्रहालयात हलवली. जुन्या ब्लॉगांत अजून किल्ल्यातच लिहिलेली सापडते.

मराठी माणसाने किल्ल्याच्या दारासमोरचं पटांगण घाईत ओलांडू नये. तिथे ७८व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीचं क्रॉसच्या आकाराचं स्मारक आहे, १८५७-५८ च्या उठावात मेलेल्या त्यांच्या सैनिकांचं. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाताखाली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढली होती. त्या लढाईबद्दल पलटणीला निशाणावर हत्ती आणि असईचं नाव लावण्याचा मान मिळाला. माझे सासरे शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांना हे सांगितल्यावर ते स्मारकाभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "सूनबाई, आपल्याकडे असईला कोण जातं गं बघायला?" मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या भारतभेटीत आम्ही जाणार आहोत.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. किल्ल्यात चढ आहे, फरसबंदी ओबडधोबड आहे. ज्यांना चढणं झेपत नाही त्यांना वर नेणारी छोटी गाडी किल्ल्यात असते; दारावरच्या कर्मचाऱ्यांना विचारायचं. आम्ही विचारलं, थोडं थांबावं लागलं, पण सासूबाई थेट वरच्या चौकापर्यंत गेल्या. म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

गर्दी नको असेल तर क्रेगमिलर. एडिनबर्गच्या मध्यापासून बसने थोडंसंच अंतर, पण पर्यटक फार कमी. बोळ, जिने, एकात एक तटबंदी, आणि वरून आर्थर्स सीट टेकडी आणि किल्ला दोन्ही समोर. १५६६ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी इथे मुक्कामाला होती, आणि तिच्या नवऱ्याचा काटा काढायचा बेत इथेच शिजला असं मानतात. दोन तास आरामात जातात. शहरातल्या बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत.

आता स्टर्लिंग. मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी एडिनबर्ग सोडून ही निवडेन. ट्रेनने एडिनबर्गहून साधारण पन्नास मिनिटं, ग्लासगोहून त्याहून कमी. स्टेशनपासून गावातून चढत जायचं. वर पोचलं की पिवळाधमक ग्रेट हॉल दिसतो. आपल्याला किल्ला म्हटलं की काळा कातळ आठवतो. इथे चौथ्या जेम्सच्या काळातला, १५०३ च्या सुमाराचा हा दिवाणखाना चुन्याच्या सोनेरी रंगात परत उभा केलाय. शेजारी पाचव्या जेम्सचा राजवाडा, २०११ मध्ये दुरुस्त करून उघडलेला. राजाच्या दालनाचं छत मान वर करून बघा. त्यावर ओकच्या लाकडातले मीटरभर रुंदीचे गोल मुखवटे आहेत: राजे, राण्या, योद्धे, एक विदूषक. छतावरचे नव्याने कोरून भडक रंगवलेले, आणि १५४० च्या आसपासचे मूळ मुखवटे वरच्या मजल्यावर वेगळ्या दालनात हाताच्या अंतरावर. आधी छत आणि मग मूळ, असा क्रम ठेवा; लाकडाच्या भेगांमधून तेच चेहरे ओळखू यायला लागतात.

राणीच्या दालनात युनिकॉर्नच्या शिकारीचे पडदे आहेत. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातल्या मूळ मालिकेवरून हातमागावर विणलेले. सात पडदे, तेरा वर्षांचं काम, त्यातलं काही खुद्द किल्ल्यात माग मांडून केलेलं. मी पैठणी विणताना येवल्यात पाहिली आहे, त्यामुळे इथे जवळ जाऊन उभी राहिले. युनिकॉर्नचं अंग लांबून पांढरं दिसतं. जवळून त्यात राखी, पिवळसर, फिकट निळे असे धागे एकमेकांत मिसळलेले दिसतात, आणि खालच्या हिरवळीवर प्रत्येक फूल निराळं आहे, पाकळ्यांच्या कडेला एक छटा गडद. तिथली पारंपरिक पोशाखातली बाई आपणहून बोलायला आली आणि पाच मिनिटं फक्त रंगांबद्दल सांगत राहिली. असे कर्मचारी हीच या किल्ल्याची मोठी जमेची बाजू आहे. विचारा, ते सांगतात.

उतरताना गावातल्या स्मिथ संग्रहालयात जा, प्रवेश फुकट. राजवाड्यात राणीच्या दालनातल्या भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे सापडलेला, १५४० च्या दशकातला चामड्याचा फुटबॉल तिथे आहे. जगातला सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो. लहान मुलं बरोबर असतील तर हा त्यांच्या लक्षात राहतो.

स्टर्लिंगहून एडिनबर्गला परतताना बऱ्याच गाड्या लिनलिथगोला थांबतात. उतरा. राजवाडा स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर, तळ्याच्या काठी. राणी मेरीचा जन्म इथला, ८ डिसेंबर १५४२. आज छप्पर नाही. १७४६ मध्ये ब्रिटिश राजपुत्र कंबरलंडच्या सैन्याच्या मुक्कामात आग लागली, त्यातच ते गेलं. पण चौकातलं १५३८ चं कारंजं बघण्यासारखं आहे. जाण्याआधी त्या दिवशी काय उघडं आहे ते वेबसाइटवर जरूर बघा. गेल्या काही वर्षांत उंचावरच्या दगडी बांधकामाची तपासणी चालू असल्यामुळे बऱ्याच वास्तूंचे काही भाग बंद असतात. मेंबरशिप घेताना ही गोष्ट हिशोबात धरायलाच हवी.

ज्यांना चढायची हौस आहे त्यांनी ग्लासगोहून डंबार्टन ईस्टची ट्रेन पकडावी. क्लाइड नदीच्या काठावर सरळ उठलेला ज्वालामुखीचा कातळ, त्याला दोन शेंड्या, आणि दोन्हींच्या खाचेतून वर जाणारा जिना. माथ्यापर्यंत ५५७ पायऱ्या. ८७० मध्ये व्हायकिंगांनी याला चार महिने वेढा घातला होता. पाच वर्षांची राणी मेरी १५४८ मध्ये इथूनच जहाजाने फ्रान्सला गेली. इमारती फार नाहीत, पण जागेची निवड पाहिली की आपल्या गडकऱ्यांची आठवण येते. मला हा फार आवडला. नवऱ्याला वाऱ्याने हैराण केलं, त्याचं मत विचारू नका.

ग्लासगो शहरात मात्र कार्डाचं काम नाही. कॅथीड्रल याच खात्याकडे आहे, पण सगळ्यांनाच फुकट. १५६० च्या धर्मक्रांतीत स्कॉटलंडमधली बहुतेक कॅथीड्रल उद्ध्वस्त झाली, हे टिकलं. खालच्या मजल्यावर सेंट मंगोची समाधी आहे, तिथे उतरल्याशिवाय परत फिरू नका. मागच्या टेकडीवर नेक्रोपोलिस ही जुनी दफनभूमी. केल्विनग्रोव्ह संग्रहालयही फुकट. तिथे दुपारी ऑर्गन वाजतो, तेव्हा बाल्कनीत बसायचं. याच शहराच्या संग्रहालयांनी २०२२ मध्ये सात भारतीय वस्तू भारताला परत करण्याच्या करारावर सही केली, त्यातल्या काही देवळांतून चोरीला गेलेल्या होत्या. मला त्या शहराबद्दल आदर वाटण्याचं हेही एक कारण. फिरायला १८९६ चा सबवे, पंधरा स्टेशनांचं एकच वर्तुळ, चुकायला जागा नाही. एडिनबर्गमध्येही चेंबर्स स्ट्रीटचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे: क्लोन केलेली डॉली मेंढी, लुईस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या अकरा जुन्या सोंगट्या, आणि वर गच्ची.

खाण्याबद्दल थोडक्यात. हॅगिस हा मुळात मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा इथला पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळतं आणि चांगलं लागतं. मसुराचं सूप किल्ल्यांच्या कॅफेत दिसतं, पण ते परंपरेने डुकराच्या मटणाच्या पाण्यात करतात, त्यामुळे विचारून घ्या. नळाचं पाणी उत्तम, बाटल्या विकत घेऊ नका.

केव्हा जावं? मे आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये फ्रिंज हा कलामहोत्सव असतो, हॉटेलांचे दर डोळे पांढरे करतात, आणि किल्ल्यासमोरचं पटांगण मिलिटरी टॅटू या लष्करी बँडच्या सोहळ्याच्या प्रेक्षागॅलऱ्यांनी भरलेलं असतं. तेव्हा राहायला ग्लासगो बरं. हिवाळ्यात बरीच ठिकाणं चारलाच बंद होतात आणि डिसेंबरमध्ये सूर्यही त्याच सुमारास मावळतो, म्हणून सकाळी किल्ला, संध्याकाळी संग्रहालय असा क्रम चालत नाही, संग्रहालयंही पाचला मिटतात. दिवसात एकच जागा धरा. ट्रेनच्या बाबतीत चांगली बातमी आहे: १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेल या स्कॉटलंडच्या रेल्वेचे गर्दीच्या वेळचे जादा दर कायमचे बंद झाले, त्यामुळे सकाळी आठला निघा किंवा अकराला, तिकीट तेवढंच. उलट एडिनबर्गमध्ये २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर ५ टक्के पर्यटक कर आहे, सलग राहिल्यास पहिल्या पाच रात्रींपुरता. हॉटेलचा भाव बघताना तो धरा.

आम्ही नूतनीकरण केलं त्याला आणखी एक कारण आहे. पहिल्या वर्षी या कार्डावर इंग्लिश हेरिटेज या इंग्लंडमधल्या तशाच संस्थेच्या जागा अर्ध्या तिकिटात मिळतात, नूतनीकरणानंतर फुकट. न्यूकॅसलमध्ये राहणाऱ्यांसाठी याचा अर्थ हेड्रियनची रोमनकालीन भिंत. ज्यांनी स्कॉटलंडसाठी कार्ड घेतलंय त्यांनी दुसऱ्या वर्षी हेक्सॅमच्या पुढे चेस्टर्सच्या रोमन ठाण्यावर जाऊन यावं. नदीकाठची सैनिकांची न्हाणीघरं भिंतींसकट उभी आहेत.