लिंक्डइनचा रिव्ह्यू, एका रिक्रुटरकडून: खरं नाव टाका, पण सेटिंग बघून

रेटिंग आधीच सांगून टाकते, 5 पैकी साडेतीन. नोकरी शोधायला म्हणून साडेचार दिले असते आणि मतं मांडायला म्हणून दोनच्या वर जाणार नाही, तेव्हा साडेतीन ही मधली तडजोड समजा, गणित करत बसू नका.

मी पुण्यात आयटी रिक्रुटमेंटमध्ये आहे, दिवसभर एका टॅबमध्ये नौकरी डॉट कॉम आणि दुसऱ्यात लिंक्डइन उघडं. म्हणजे हा रिव्ह्यू टेबलाच्या पलीकडून आहे, जिथे बसून तुमचं नाव सर्च होतं. यूट्यूबवर लिंक्डइनचे व्हिडिओ बघाल तर सगळे प्रोफाइल कसं चमकवायचं यावरच, चमकलेलं प्रोफाइल नक्की कोणाकोणाला दिसतंय यावर कोणी बोलत नाही.

लिंक्डइन तसं जुनं, 2003 चं, 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने 26.2 अब्ज डॉलरला घेतलं. खऱ्या नावाचा आग्रह तेव्हाही होता आणि आजही आहे. गुगल प्लसने 2011 मध्ये हाच हट्ट धरला आणि 2014 मध्ये सोडला, फेसबुकने 2014 मध्ये अमेरिकेतल्या ड्रॅग कलाकारांची (बायकांच्या वेशात कार्यक्रम करणारे पुरुष, स्टेजच्या नावाने ओळखले जाणारे) खाती खरं नाव नाही म्हणून बंद केली तेव्हा इतका गदारोळ झाला की माफी मागावी लागली आणि पुढे नियम थोडे सैलही करावे लागले. लिंक्डइनवर या वादात अर्थच नाही, टोपणनावाने नोकरी कोण मागणार? त्यामुळे खरं नाव मागतात ही माझी तक्रार नाहीच. तक्रार ही की इथे तुमचं नाव, फोटो, हुद्दा आणि सध्याची कंपनी एकत्र दिसते, आणि तुम्ही कुठेही कमेंट टाकली की नावाखाली हुद्द्याची ओळ आपोआप चिकटते. तुम्ही बोलता स्वतःपुरतं, वाचणाऱ्याला दिसतं अमुक कंपनीचा सीनियर कन्सल्टंट असं बोलतोय.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगते. बीजीव्ही म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, त्याला लोक घाबरतात, पण त्यात साधारण मागच्या कंपन्या, डिग्री, पत्ता, पोलीस आणि कोर्टाचं रेकॉर्ड एवढंच बघतात. सोशल मीडिया बघितला जातो त्याच्या आधी, आणि तो कुठल्याच फॉर्मवर नसतो. हायरिंग मॅनेजर संध्याकाळी कॅबमध्ये बसल्या बसल्या तुमचं नाव आणि कंपनी गुगलवर टाकतो, वर लिंक्डइन येतं, त्याखाली फेसबुक, मग एक्सचं, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरचं, खातं, मग कॉलेजच्या फेस्टिव्हलची जुनी बातमी. लिंक्डइनवरचा फोटो आणि फेसबुकवरचा फोटो एकच असेल तर मग काय शोधायचं बाकी राहिलं. त्याला काही खटकलं तर तो मेल करत नाही, मला व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवतो आणि खाली लिहितो, जरा बघ गं. कँडिडेटला मात्र माझ्याकडून छापील उत्तर जातं की पोझिशन सध्या होल्डवर आहे. खरं कारण त्याला जन्मात कळत नाही.

एक किस्सा, ओळख पटणार नाही इतपत बदलून. जावामध्ये प्रोग्रामिंग करणारा मुलगा, चांगला अनुभव, दोन्ही टेक्निकल राउंड क्लिअर, पगाराचं बोलणंही झालेलं. जून 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला आणि महिना संपायच्या आत मागे घेतला तेव्हा लिंक्डइनवरसुद्धा हाणामारी चालू होती ते आठवत असेल. या पठ्ठ्याने एका पोस्टखाली कमेंटमध्ये समोरच्याला धुऊन काढलेलं, शिवी नाही, पण भाषा तिखट. मॅनेजरने स्क्रीनशॉट पाठवला आणि वर फोन करून म्हणाला, मुद्दा बरोबर आहे गं त्याचा, मलाही पटला, पण माझ्या टीममध्ये निम्मे लोक बाहेरचे आहेत, रोजची कटकट नको. मॅनेजर स्वतः सांगलीचा. म्हणजे मत न पटल्यामुळे नाही, मत जाहीर असल्यामुळे गेला तो. ती कमेंट त्याने घरी जेवताना केली असती तर काही बिघडलं नसतं, आणि खरं तर एक्सवर वेगळ्या नावाने केली असती तरीही नाही.

खरं नाव लावलं की लोक सभ्य वागतात असं एक आवडतं लॉजिक आहे, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या साइटवर लिहायला खरी ओळख सक्तीची केली होती, 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली, आणि मधल्या काळात, 2011 मध्ये, साडेतीन कोटी लोकांची माहिती एका हॅकमध्ये बाहेर गेली ती वेगळीच. आपल्याकडे तर लोक स्वतःच्या नावाने, फोटोने, कंपनीच्या लोगोसकट भांडतात, लाज वगैरे काही आड येत नाही.

लाइकचं प्रकरण वेगळं सांगायला हवं कारण ते कोणाच्या लक्षातच येत नाही. एक्सने जून 2024 मध्ये लाइक्स लपवल्या, आता तुम्ही काय लाइक केलं ते पोस्टवाला सोडून बाकीच्यांना दिसत नाही. लिंक्डइनवर उलटं, तुम्ही अंगठा दाबला की तुमच्या कनेक्शनच्या फीडमध्ये अमुक यांनी हे लाइक केलं म्हणून ती पोस्ट जाऊन बसते, त्या कनेक्शनमध्ये तुमचा बॉस, त्याचा बॉस आणि क्लायंटकडचे दोघं असतातच. कोणीतरी 'टॉक्सिक मॅनेजरची 7 लक्षणं' लिहितो आणि आमची मंडळी बिनधास्त अंगठे देत सुटतात! पालघरचं आठवा, नोव्हेंबर 2012, मुंबई बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने फक्त लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्यात लावलेलं आयटी कायद्याचं 66अ कलम सुप्रीम कोर्टाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं खरं. आणि पोस्ट डिलीट केली की सुटलो असंही नाही, मे 2025 मध्ये पुण्याच्याच इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवरची रिपोस्ट दोन तासांत काढली होती, तरी अटक झाली, कॉलेजने काढलं, मुंबई हायकोर्टाने सरकारला झापून जामीन दिला तेव्हा कुठे ती परीक्षेला बसली. कोर्टाचं मी समजू शकते, पण नोकरीच्या बाबतीत दाद मागायला कोर्टही नाही, होल्डवर म्हणजे होल्डवर.

आता सेटिंग, कारण साडेतीनमधला अर्धा स्टार मी यांच्यासाठी दिलाय. सोयी आहेत, फक्त शोधायला लागतात. नोकरी बदलायच्या विचारात असाल आणि प्रोफाइल सजवायला घेणार असाल तर आधी प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवा असं जे बटण आहे ते बंद करा, नाहीतर हुद्दा अपडेट केला की अख्ख्या ऑफिसला वर्दी. ओपन टू वर्कचे, म्हणजे मी नोकरी शोधतोय हे सांगायचे, दोन प्रकार आहेत, एक फोटोवरची हिरवी पट्टी जी सगळ्या जगाला दिसते, आणि एक फक्त रिक्रुटर्सना दिसणारा. दुसऱ्यात लिंक्डइनवाले ते तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रुटर्सपासून लपवायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण गॅरंटी देत नाही असं तेच लिहितात. आणि एक आतली गोष्ट, तुमच्या कंपनीची भरती बाहेरची कन्सल्टन्सी करत असेल तर त्या कन्सल्टन्सीच्या पोरीला तुम्ही दिसणारच की, ती थोडीच तुमच्या कंपनीत आहे. हिरवी पट्टी नोटीस पिरियड सुरू झाल्यावरच लावा, तोपर्यंत दुसरा प्रकार, तोही जोखीम धरून.

आडनाव लपवायची सोय पण आहे, कनेक्शन नसलेल्यांना आडनावाचं फक्त पहिलं अक्षर दिसतं. हे ऐकून परदेशातल्या कोणाला वाटेल एवढं काय त्यात, आपल्याकडे आडनावावरून जात, कधी कधी तालुकासुद्धा काढतात हे कोणाला सांगायला नको. 14 एप्रिलला अभिवादनाची साधी पोस्ट टाकली की दुसऱ्या दिवशी पँट्रीत बोलण्याचा सूर बदलतो, हे मी एकापेक्षा जास्त लोकांकडून ऐकलंय. त्यांनी पोस्ट टाकू नये असं मी अजिबात म्हणणार नाही, टाकावीच. फक्त ही सोय अर्धवट आहे, कारण प्रोफाइलची जी लिंक मिळते तिच्यात आधीपासून पूर्ण नाव असतं, ती लिंक वेगळी जाऊन बदलावी लागते आणि ते बरेच जण करत नाहीत.

मराठी नावांचा अजून एक घोळ. पाटील, शिंदे, जाधव मंडळींची मजा असते, सर्च केलं की शेकडो निघतात, गर्दीत लपून जातात, पण दुसऱ्याच कोणाचं लफडं यांच्या नावावर चिकटायची भीतीही तेवढीच. उलट आधार कार्डावरचं तिहेरी नाव, म्हणजे वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, जसंच्या तसं फेसबुकला टाकणारे एका सर्चमध्ये सापडतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांसाठी लिंक्डइनमध्ये आधीचं नाव टाकायची वेगळी जागा आहे, ती चांगली आहे, जुन्या सर्टिफिकेटांचा मेळ बसतो, ती कोणाला दिसावी हे पण ठरवता येतं. माझा सल्ला असा की लिंक्डइनला नाव आणि आडनाव, बाकी ठिकाणी नाव वेगळं, फोटो वेगळा, हँडल म्हणजे युजरनेम वेगळं. हँडल तेच ठेवून नाव बदलणारे खूप बघितलेत, त्याचा काहीएक उपयोग नाही.

बरं मग निनावी लिहावं का? लिहा, पण डोळे उघडे ठेवून. फेसबुक ग्रुपमधली अनॉनिमस पोस्ट ॲडमिन आणि मॉडरेटरला तुमच्या नावासकट दिसते, आणि सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन कोण असतो ते तुम्हाला माहितीच आहे. ग्लासडोअर हे तर कंपनीबद्दल निनावी लिहायचं ठिकाण, त्यांनी फिशबोल नावाचं ॲप विकत घेतल्यावर मार्च 2024 मध्ये बातम्या आल्या की काही युजर्सच्या खात्यात त्यांची खरी नावं त्यांना न विचारता टाकली गेली. रिव्ह्यूवर नाव छापलं नव्हतं, पण विश्वास उडाला तो उडालाच. आणि तंत्रज्ञान बाजूला ठेवा, आठ जणांच्या टीममध्ये 'अप्रेझलच्या आदल्या आठवड्यात सुट्टी नाकारली' असं लिहिल्यावर नाव लिहायची गरज काय? एचआरवाले हे पाच मिनिटांत ओळखतात, मी ओळखलंय.

सरकारी नोकरीत असाल तर हा रिव्ह्यू अजून वेगळा वाचा. राज्य सरकारने जुलै 2025 मध्ये जीआर काढून सांगितलंय की वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, सरकारच्या धोरणांवर टीका नको, प्रोफाइल फोटो सोडून बाकी फोटो-रील्समध्ये पदनाम, लोगो, गणवेश, सरकारी गाडी नको, मोडलं तर 1979 च्या शिस्त व अपील नियमांखाली कारवाई. कंत्राटी लोकांनाही लागू. आता लिंक्डइनची अख्खी रचनाच पदनाम मिरवायला केलेली, त्यामुळे जिल्हा परिषदेतल्या इंजिनिअरने तिथे जायचंच असेल तर प्रोफाइल ठेवावं आणि फीडकडे बघू नये हे उत्तम.

आता चांगलं सांगते नाहीतर साडेतीन कशाला दिले म्हणाल. खऱ्या नावानेच काम येतं. नागपूर, नाशिकला बसून फ्रीलान्स करणारी मुलं इथे स्वतःचं काम दाखवतात, बाहेरचा क्लायंट थेट मेसेज करतो, मधला दलाल जातो. आधार वापरून डिजिलॉकरमधून व्हेरिफाय करता येतं, ते केलं की बनावट प्रोफाइल म्हणून शंका कमी येते, मलाही बरं पडतं कारण दुसऱ्याच्या अनुभवावर इंटरव्ह्यू देणाऱ्यांनी वात आणलाय. तुमच्या क्षेत्रातलं काही, एखादा बग कसा सोडवला, एखादं टूल का फालतू आहे, हे नावानिशी बिनधास्त लिहा, त्याचा उलट फायदाच होतो, स्क्रीनशॉट तेव्हाही येतात मला, पण 'हिला बोलव' असं लिहून.

प्रीमियम घ्यावं का असं हमखास विचारतात. एक महिना फुकट देतात तेवढा वापरा, कॅन्सल करायची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. प्रोफाइल कोणी बघितलं त्याची यादी त्यात मिळते म्हणून पैसे भरणार असाल तर राहू द्या, प्रायव्हेट मोड लावून बघणारा प्रीमियमवाल्यालाही दिसत नाही, आणि कँडिडेट बघताना मी तोच मोड लावते.