पोलो १.० टीएसआय: पाच वर्षं, ७४ हजार किलोमीटर आणि माळ्यावरच्या चार स्प्रिंगा

माझी फोक्सवॅगन पोलो रोज सकाळी माहेरी जाते. चाकण एमआयडीसीत निगोजे-महाळुंगेच्या ज्या कारखान्यात ती जन्मली, तिथून माझी कंपनी दहा मिनिटांवर आहे. मी सुट्या भागांच्या कंपनीत, मोजमाप विभागात. दिवसभर मायक्रॉनच्या गप्पा आणि संध्याकाळी तळेगाव चौकात पहिला गिअर, न्यूट्रल, पहिला गिअर, न्यूट्रल. पिंपळे सौदागर ते कंपनी साधारण पंचवीस किलोमीटर. नशीब बरं असेल तर पन्नास मिनिटं, आंबेठाण चौकात एखादा कंटेनर आडवा झाला तर पावणेदोन तास.

अशा रस्त्यावर मॅन्युअल गिअरची, टर्बोवाली, बुटकी लाल हॅचबॅक कोण घेतं? मी घेतली. जानेवारी २०२१ मध्ये, नवी. सगळ्यांनी एसयूव्ही घे म्हणून सांगितलं होतं. मी एकदा टेस्ट ड्राइव्हला मोशीच्या पुढे तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि परत येऊन चेक लिहिला. एवढंच झालं.

आधी गाडीबद्दल. ९९९ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन (टीएसआय म्हणतात ते हेच), तीन सिलिंडर, ११० पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढायचा जोर, सहा गिअर. कागदावर यात हॉट हॅच, म्हणजे दिसायला छोटी पण पळायला तिखट गाडी, म्हणावं असं काही नाही, मान्य. आपल्याकडे पोलोची खरीखुरी तिखट आवृत्ती, जीटीआय, २०१६ मध्ये आली होती: तीन दरवाजे, १.८ लिटरचं इंजिन, १९२ पीएस आणि एक्स-शोरूम किंमत २५.९९ लाख. त्या पैशात तेव्हा लोक मोठी सेडान घेत होते, त्यामुळे ती मोजक्याच घरी गेली. रांजणगावात बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो माझ्या खरेदीच्या आधीच बंद झाली होती. उरलं ते हे. पण गाडीचं वजन टनाच्या जरासं वर, त्यामुळे १८०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे ती जी उचलते ती चौथ्या गिअरपर्यंत दमत नाही. त्याच्या खाली मात्र झोपलेली असते. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये आळसाने निघालात तर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवणार. सवय होईपर्यंत मीही खाल्लेत बरेच हॉर्न.

दार लावल्यावर येणाऱ्या त्या 'धप्प' आवाजाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी गप्प बसते. मागच्या सीटबद्दल मात्र बोलायला हवं. दोन माणसं बसतात, तिसरं बसलं तर भांडण होतं. डिकी २८० लिटरची; दिवाळीत फराळाचे डबे आणि दोन बॅगा मावतात, आजीची व्हीलचेअर मावत नाही. गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार तारे मिळाले होते. माझ्या गाडीतही एअरबॅग दोनच आहेत आणि आजच्या हिशोबाने ते कमीच.

आता मुद्द्याचं: पैसे कुठे घातले आणि कुठे परत काढले.

पहिली चूक स्प्रिंगांची. २०२२ च्या उन्हाळ्यात मी गाडी ३० मिलिमीटर खाली केली. माझा भाचा तेव्हा अकरावीत. तो म्हणाला, "आत्या, चाकाच्या वर एवढा गॅप? जीप वाटते." मला ते लागलं. मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटरच्या आसपास. त्यातून तीस गेले. मोजमापाच्या धंद्यातल्या बाईने ही वजाबाकी आधी करायला हवी होती. गॅरेजवाल्याने विचारलं होतं, "मॅडम, रस्ता कुठला?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "हायवे आहे हो."

दिसत सुंदर होती, खोटं कशाला बोला. सोसायटीच्या पार्किंगमधून तिच्याकडे मागे वळून बघायचे. पण बेसमेंटच्या रॅम्पवर तिरकी घातल्याशिवाय चढेना. चार माणसं बसली की पुढची पट्टी जमिनीला शिवायची. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, ती आत बसली आणि म्हणाली, "बसवलंस खरं, आता उठवायला क्रेन बोलव." आणि मग मोशीच्या अलीकडे, पहिल्याच पावसात, पट्टे न रंगवलेला एक स्पीडब्रेकर. आवाज असा आला की मला वाटलं, इंजिनच खाली राहिलं. उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर खालच्या संरक्षक प्लेटला बोटभर खोल खरवड. इंजिनाखालचं तेलाचं भांडं वाचलं, तेल गळलं नाही. पण पुढच्या पंचवीस किलोमीटरमध्ये मी प्रत्येक सावलीला स्पीडब्रेकर समजून ब्रेक मारला.

सहा महिन्यांत मूळ स्प्रिंगा परत बसल्या. लावायची मजुरी, काढायची मजुरी, दोन्ही वेळचं अलाइनमेंट. लाल रंगाच्या त्या चार स्प्रिंगा आता माळ्यावर आहेत, आईच्या तांब्याच्या बंबाशेजारी. वाईट गाडी खाली केल्याचं नाही, डॅम्परचं (स्प्रिंगांची उसळी आवरणारे शॉक अॅब्सॉर्बर) वाटलं. कडक, आखूड स्प्रिंगांबरोबर मूळ डॅम्पर ठेवले तर गाडी खड्ड्यातून सावरतच नाही, टुणटुणते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसरा खर्च टायरचा, आणि गाडीवर मी केलेला सगळ्यात शहाणा खर्च हाच. मूळ मापाचे, म्हणजे १९५/५५ आर१६ चे टायर ४२ हजार किलोमीटरवर संपले. मी २०५/५५ आर१६ चे मिशेलिन प्रायमसी घातले. चार टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून अडतीस हजार गेले. कॅल्क्युलेटर काढा: जुन्या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, नव्याचा ६३२. म्हणजे गाडी साडेपाच मिलिमीटर वर आली. (स्प्रिंगांनी खाल्लेले तीस आठवून मला हसू आलं.) फरक पावणेदोन टक्क्यांचा, म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा आधीपेक्षा पावणेदोन किलोमीटर जास्त वेग असतो. काटा मुळातच थोडं फुगवून सांगतो, त्यामुळे जीपीएसशी आता उलट जवळ आलाय. टायरच्या बाजूची भिंत जरा उंच झाल्याने भोसरीच्या उड्डाणपुलाचे जोड कमरेत लागत नाहीत. स्टीअरिंग किंचित जड झालं आणि मायलेज अर्धा किलोमीटरने उतरलं. पण ताम्हिणीत जुलैच्या धुवाधार पावसात, धुक्यातून अचानक समोर आलेल्या एसटीसाठी ब्रेक मारला तेव्हा गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

ब्रेकचंही सांगते. या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम. शहरात पुरतात. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना मात्र एकदा, भरलेल्या गाडीत, पेडल मऊ लागायला लागलं. घाबरून दत्तमंदिराच्या वळणाआधी बाजूला घेतली, पंधरा मिनिटं थांबले, आईने तेवढ्यात स्ट्रॉबेरी खाऊन घेतल्या. चूक माझी होती: ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललंच नव्हतं. ते हवेतलं पाणी शोषतं, मग तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय बुडबुडे दाबत राहतो. नवं डॉट ४ ऑइल आणि पुढे जरा चांगले पॅड, बस्स. शिवाय घाटात तिसऱ्यात उतरायचं, हे तर वडील लुनावर असल्यापासून सांगत आलेत. हजारभराच्या ऑइलने जे काम केलं ते सहा हजारांच्या धुता येणाऱ्या एअर फिल्टरने केलं नाही. त्या फिल्टरने फक्त 'फुस्स' आवाज वाढवला. भाचा खूश झाला.

आता रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं. इथे लोक एकतर आरती ओवाळतात नाहीतर शिव्या देतात.

वॉरंटी चार वर्षांची होती. ती जानेवारी २०२५ मध्ये संपेपर्यंत मी ईसीयूला, म्हणजे त्या कॉम्प्युटरला, हात लावू दिला नाही. इंजिनाचा खर्च अंगावर घेण्याइतकी माझी हौस मोठी नाही. मग मार्चमध्ये रिमॅप करून देणाऱ्या एका ट्यूनरकडे गेले. नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. तो म्हणाला, "मॅडम, स्टेज वनला, नुसत्या प्रोग्रॅमवर, १४० पीएस होतील, टॉर्क २३०."

"आणि गिअरबॉक्स?"

"काही होत नाही. सगळे करतात."

हे 'सगळे करतात' मी आमच्या कंपनीत रोज ऐकते, आणि त्याचं पुढे काय होतं तेही रोज मोजते. या गाडीच्या गिअरबॉक्सच्या घराण्याचं नाव एमक्यू२००. नावातले २०० म्हणजे ढोबळमानाने न्यूटन मीटरमधली त्याची क्षमता. कारखान्याचे १७५ त्यात आरामात बसतात. २३० म्हणजे रोज थोडं थोडं व्याज भरणं. मी म्हटलं, टॉर्क २०० वर बांधून द्या, वरच्या आरपीएमला काय करायचं ते करा. त्याने माझ्याकडे पुरणपोळी बिनगुळाची मागितल्यासारखं पाहिलं.

पहिला मॅप, म्हणजे नवा प्रोग्रॅम, फसला. दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालताना गाडी गचके द्यायला लागली, तळेगाव चौकात तर शिकाऊ ड्रायव्हर बसल्यासारखी. दोनदा परत गेले, दोनदा "९५ ऑक्टेनचं भारी पेट्रोल टाका, ठीक होईल" ऐकलं. मी ९५ च टाकत होते, बिलं दाखवली. तिसऱ्या खेपेला त्याने बसून चालत्या इंजिनाच्या नोंदी काढल्या आणि खालच्या आरपीएमला पाय किती दाबला की इंजिनाने किती जोर द्यायचा, हे गणित मूळच्या जवळ आणलं. तेव्हापासून गचका नाही. चौथ्या गिअरमध्ये ८० ते १२० ला आधी ८.३ सेकंद लागायचे, आता ७ लागतात. त्याच रस्त्यावर, तेवढंच पेट्रोल भरून, दोन्ही दिशांना मोजलेत. भावनेच्या भरात नाही. नाशिक हायवेला ट्रकला ओलांडताना तो सव्वा सेकंद कळतो. ऑफिसच्या वाटेवर तो कुठेच दिसत नाही, कारण तिथे ४० च्या वर काटा जात नाही.

पैसे वसूल झाले का? अर्धे. हेच पैसे पुन्हा हातात आले तर मी चांगले डॅम्पर घेईन आणि मूळ उंची ठेवीन.

भाच्याला सायलेन्सरमधून फटाके वाजणारा मॅप हवा होता. "आत्या, पॉप्स टाक ना." टाकला नाही. एक तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उगाच भाजून निघतो, दुसरं म्हणजे सोसायटीत रात्री अकराला तान्हं बाळ झोपलेलं असतं. जीटीआयचा बिल्लाही लावून दिला नाही. डालड्याच्या डब्यावर 'साजूक तूप' लिहिलं म्हणून वास येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण विकणारे सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावलं. सायलेन्सर, चाकं, इंजिन, सगळं या वाटेवर कुठे ना कुठे अडकू शकतं, माझा रिमॅपसुद्धा. विमा कंपनीला मी टायर आणि मॅप दोन्ही लेखी कळवलेत, हप्ता वाढला तो भरला. लपवून ठेवलं आणि उद्या अपघात झाला तर दावा कोणत्या कारणाने नाकारतील ते तुमचं तुम्ही ठरवा.

रोजचा हिशोब: चाकणच्या गर्दीत लिटरला साडेअकरा, कोल्हापूरला जाताना सतरा. एसी उत्तम. डावा गुडघा संध्याकाळी कुरकुरतो, आणि क्लच आता बराच वर येऊन पकडतो. ७४ हजारांत गर्दीने त्याचं जे व्हायचं ते झालंय. पुढच्या दोन-तीन महिन्यांत क्लच प्लेट बदलावी लागणार. आपल्याकडे पोलो २०२२ मध्ये बंद झाली तरी हे एक लिटरचं टीएसआय घराणं फोक्सवॅगनच्याच टायगुन-व्हर्टुसमध्ये चालू आहे, त्यामुळे इंजिनाच्या सामानासाठी मला अजून कुठे वणवण करावी लागलेली नाही.

जुनी घ्यायला निघाला असाल तर गाडी थंड असताना चालू करायला सांगा, टायर कधी बनला ते सांगणारा त्यावरचा आठवडा-वर्षाचा आकडा वाचा, रिमॅप होता का ते तोंडावर विचारा आणि उत्तर देताना मालक कुठे बघतो ते बघा. मग गाडी लिफ्टवर घ्या. गुळगुळीत, नवा रंग दिलेली खालची प्लेट दिसली तर जास्त प्रश्न विचारा. माझी बघायला आलात तर पुढे डावीकडे बोटभर खरवड दिसेल. ती मोशीची.