मीटरवर ४१ हजार, नोंदीत ९३ हजार

मागच्या दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरातील जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून मी ४ लाख ६० हजार रुपयांना मारुती बलेनो आरएस घेतली आणि त्या व्यवहारात पुरता फसलो. कमी पैशांत वेगवान गाडी शोधणाऱ्या माझ्या वयाच्या मुलांनी, विशेषतः लातूर, बीड, परभणीहून गाडी पाहायला मोठ्या शहरात जाणाऱ्यांनी, सावध व्हावे म्हणून हे लिहीत आहे.

मी लातूरचा, वय २४. पाच लाखांच्या आत चालवायला मजा येईल अशी गाडी मला हवी होती आणि त्या किमतीत पर्याय थोडे आहेत. पोलो जीटी टीएसआय, टियागो जेटीपी, बलेनो आरएस ही नावे फिरून फिरून पुढे येतात आणि यांतली एकही आता नवी मिळत नाही. बलेनो आरएस २०१७ मध्ये आली आणि २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. ९९८ सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन, १०२ पीएस ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक, शिवाय बरेचसे सुटे भाग साध्या बलेनोचे असल्याने लातुरातही दुरुस्तीची अडचण येणार नाही, असा माझा हिशेब होता. तो हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. पण बंद झालेल्या गाडीचे गिऱ्हाईक नेहमी घाईत असते, कारण ही हातची गेली तर दुसरी कधी दिसेल याची त्याला खात्री नसते, आणि विकणाऱ्याला ती घाई चेहऱ्यावरून कळते. "भाऊ, अशी गाडी पुन्हा मिळायची नाही, संध्याकाळी पुण्याचे एकजण टोकन घेऊन येत आहेत," एवढे एक वाक्य मला पुरले.

गाडीला बाहेरून घेतलेला, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला होता. बीड बायपासला मोकळ्या रस्त्यावर व्यापाऱ्याने मला ती दाबायला सांगितली, टर्बोचा जोर पाठीला जाणवला आणि त्या आवाजावर मी भाळलो. पुढच्या चाकाची बेअरिंग आणि गिअरबॉक्स दोन्ही घरघरत होते, पण सायलेन्सरच्या आवाजाखाली ते ऐकूच आले नाही. तो सायलेन्सर त्यासाठीच ठेवला होता, असे माझे आता ठाम मत आहे.

कागद मी पाहिले होते. बँकेचा बोजा नव्हता, चलन बाकी नव्हते, आरसीवर गाडी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. कागद स्वच्छ म्हणजे गाडीही स्वच्छ असे मी धरून चाललो. पण आरसीवर अपघाताची नोंद नसते आणि गाडी किती किलोमीटर चालली हेही नसते. जुन्या विमा पॉलिसीवर मात्र एक खूण होती. सलग पाच-सहा वर्षे दावा केला नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांपर्यंत जातो. माझ्या हातातल्या पॉलिसीवर तो शून्य होता, म्हणजे आधी कधीतरी दावा झालेला असू शकत होता. मी तो आकडा वाचला आणि त्याचा अर्थ विचारला नाही.

लातुरात आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने चावी फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला, की एअरबॅगचा दिवा का लागत नाही. तो दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. मला मात्र कुठलाच दिवा पेटत नाही हे चांगले लक्षण वाटले होते. त्याने स्टिअरिंगचे झाकण उघडले, तर आत एअरबॅग नव्हती. रॅम्पवर घेतल्यावर पुढच्या एप्रनवर, म्हणजे बोनेटखालच्या बाजूच्या पत्र्यावर, वेल्डिंगचे डाग आणि ठोकून सरळ केलेली चेसिस दिसली. बोनेटच्या बोल्टांवरचा रंगही पान्याने उडालेला होता, म्हणजे बोनेट कधीतरी काढलेले होते. दुसऱ्या दिवशी अधिकृत सेवा केंद्रात गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी काढल्या, तेव्हा २०२१ च्या सर्व्हिसला ९३ हजार किलोमीटर लिहिलेले सापडले. माझ्या मीटरवर ४१ हजार होते. ही नोंद काढायला मला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास टोकन देण्याआधी माझ्याजवळ होता.

व्यापाऱ्याने आधी फोन उचलणे बंद केले, मग पावतीवर "जशी आहे तशी" असे लिहिल्याचे दाखवले. एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत, म्हणजे जुन्या, वाहनांच्या व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकरणाचे (आरटीओचे) अधिकारपत्र लागते. ते मी मागितलेच नव्हते, आणि वकिलांच्या नोटिशीनंतरही त्याने ते दाखवलेले नाही. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली "४१ हजार, अपघात नाही" ही जाहिरात मात्र मी जपून ठेवली होती आणि आज तोच माझा मुख्य पुरावा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्यामुळे मला संभाजीनगरच्या खेपा घालाव्या लागल्या नाहीत, लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच प्रकरण दाखल केले.

त्या ४ लाख ६० हजारांतले ३ लाख वडिलांच्या सोयाबीनचे होते. दोन्ही एअरबॅगा आणि पुढचा सांगाडा नीट करायला दीड लाखाच्या पुढे खर्च सांगितला आहे. तोवर गाडी अंगणात झाकून ठेवली आहे, आणि घरातल्या कोणालाही मी तीत बसू देत नाही.